डाव्या मागच्या चाकाचा फोटो

आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर कोणी काही लिहिलं असेल तर ते रेशनच्या फॉर्मावरचं नाव किंवा लग्नपत्रिकांवरचे पत्ते. बाबा सातवी शिकले, आई चौथी. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला, आणि तोही पदार्थविज्ञान शिकायला गेलो, मराठी लिहायला नाही. तेव्हा एका जुन्या गाडीच्या ब्रेकबद्दल मी चार पानं लिहावीत आणि ती कोणी वाचावीत, हे जरा जास्तच होतंय, ते मला कळतं. पण दीड वर्ष हा विषय निघाला की मी मान खाली घालून बसलो. गप्प बसल्याने राग कमी होत नाही. लिहिण्यात कुठे चुकलो तर सांभाळून घ्या. रागात कोणाला जास्त बोललो, तर त्याची मात्र माफी मागणार नाही.

गाडी जुनी, उंच, सात माणसांची. बाबांनी ती आरोंद्याच्या एका माणसाकडून घेतली तेव्हाच ती तिसऱ्या हातात होती. आमचं गाव मालवणपासून आत, भाताचं आणि काजूचं. पण किनाऱ्यावर पर्यटक वाढले तसे बाबा हंगामात स्टेशनवरून माणसं आणून सोडायला लागले. बाबा गाडी फार जपून चालवतात. मात्र बॉनेटखाली त्यांना पाणी कुठे घालायचं एवढंच माहीत होतं. बाकी सगळं गॅरेजवर.

आणि गॅरेजवाल्याला आम्ही काही समजत नाही हे माहीत होतं. माझ्या रागाची सुरुवात तिथून आहे. आमच्याकडची हवा खारी, गाड्या खालून सडतात. गाडी खड्ड्यात गेली की मागून खाडकन आवाज यायचा, आणि ब्रेक दाबला की ती एका बाजूला ओढायची. बाबांनी दोनदा गाडी तिथे टाकली. दोन्ही वेळा "मागचे पाटे नवीन घातलंय, बुश नवीन घातलंय" असं सांगून त्याने ती परत दिली. आवाज आठ दिवस बंद, मग पुन्हा सुरू.

दिवाळीच्या सुट्टीत मी कोल्हापूरच्या होस्टेलवरून घरी आलो होतो. सहज गाडीखाली शिरलो. पाटे, म्हणजे चाकांवरचे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, काळेभोर चमकत होते. नखाने खरवडलं तर रंगाची साल निघाली आणि आत जुना गंज, हाताला भुगा लागावा असा. त्याने जुन्याच पाट्यांना काळा रंग मारला होता. बाबा या गाडीतून लोकांची पोरंबाळं घेऊन जात होते आणि त्याने रंग मारला होता! मी त्याला विचारायला गेलो. तो एका गाडीखालीच झोपून होता, बाहेरसुद्धा आला नाही.

"काय शिकतंस रे तू?" त्याने खालूनच विचारलं.

मी सांगितलं.

"मगे पुस्तक वाचून होडी वल्हवूक येता काय तुका?"

बाकड्यावर बसलेले सगळे हसले. घरी येऊन बाबांना म्हटलं, गाडी मी करतो.

"तुका चाक खोलूक येता," बाबा म्हणाले, "पण परत लावूक येता काय?"

"येता."

"आणि नाय इला तर?"

"तर परत खोलतलंय."

बाबांना ते उत्तर आवडलं असावं, कारण त्यांनी चावी खाटेवर टाकली आणि चहा मागितला.

मी काही उगाच गाडी उघडली नव्हती. या गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक मी मिळवलं होतं, मोबाइलवर माणसांना हे काम करताना तासन्‌तास बघितलं होतं, सुटे भाग कोल्हापुरातून पारखून आणले होते. तरी पहिल्याच दिवशी भांडण. बाबांना गाडीखाली चिरे लावायचे होते. आमच्याकडे घर, कुंपण, विहीर, सगळं जांभ्या चिऱ्याचं, त्यामुळे जगातला कुठलाही भार चिरा पेलतो असं सगळ्यांना वाटतं. मी म्हटलं, चिरा एकदम फुटतो, आधी सांगत नाही, आणि खाली मी असणार. शेवटी जॅक लावून फणसाचे दोन ओंडके खाली सरकवले आणि गाडी त्यांच्यावर बसवली. चाकाचे नट खाऱ्या हवेने असे धरले होते की पाना वाकायला लागला. तेव्हा बाबांचा मालवणचा दोस्त मदतीला आला. त्याची मासेमारीची बोट आहे. त्याने बोटीवरचा हातभर लांब लोखंडी पाइप आणून दिला, तो पान्याच्या दांड्यात घालून आम्ही दोघांनी जोर लावला तेव्हा पहिला नट कुईं करून सुटला.

"बोटीक ह्या एक बरा," तो दोस्त घाम पुसत म्हणाला. "चाका नाय, ब्रेक नाय. थांबाचा झाला तर नांगर टाकाचो आणि विडी पेटवची."

पुढच्या चाकांचे पॅड लोखंडापर्यंत झिजले होते. मागची चाकं ड्रमची, म्हणजे ब्रेक एका लोखंडी डब्याच्या आत. तिथे प्रत्येक चाकात एक लहान सिलिंडर असतो आणि त्याच्यात दोन रबरी वाट्या. आपण पेडल दाबतो तेव्हा पातळ द्रव या वाट्यांना ढकलतो, वाट्या लायनरला, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तराला, ढकलतात, लायनर ड्रमला घासतो आणि गाडी थांबते. सात माणसं शेवटी माझ्या अंगठ्याएवढ्या रबरावर थांबतात. वाटीचं तोंड द्रवाकडे हवं. उलटी बसली तर द्रव बाहेर गळतो आणि ब्रेक जातो. पुस्तकात हे जाड अक्षरात होतं. मी ते वहीत दोनदा लिहून काढलं होतं.

एक चूक माझ्याकडून झालीच. नव्या वाट्यांपैकी एक हातातून निसटून डिझेलच्या डबड्यात पडली, ज्यात मी नटबोल्ट धूत होतो. शोधायचा कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी ती सापडली तेव्हा भिजत घातलेल्या वाटाण्यासारखी टम्म फुगली होती, सिलिंडरात जाईना. पुस्तकात तेही लिहिलं होतं: या रबराला डिझेल, इंजिन ऑइल, ग्रीस, काही लागू देऊ नका, रबर फुगतं. मी ती वाटी माडाच्या आळ्यात फेकली आणि बाबांना काही सांगितलं नाही. चूक दाखवायची लाज वाटली. जवळ एक जास्तीची वाटी होती, ती घातली. आज वाटतं, ती फुगलेली वाटी बाबांच्या तळहातावर ठेवली असती तर!

पुढचे पॅड बदलले, मागचे लायनर आणि पाटे बदलले, त्यांचे रबरी बुश बदलले, शॉकअप बदलले. प्रत्येक काम झालं की मोबाइलवर फोटो काढला. गॅरेजवाला उद्या काही बोलला तर दाखवायला, हे खरं कारण. तीन चाकांचे फोटो आहेत. डाव्या मागच्या चाकाचा नाही. हात ग्रीसने भरले होते, आई जेवायला तिसऱ्यांदा हाक मारत होती, मी ड्रम चढवला आणि उठलो.

शेवटचं काम म्हणजे नळ्यांतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. बाबा सीटवर बसले, मी चाकाशी.

"बाबांनू, दाबा. धरा. धरून ठेवा."

"सोडलंय."

"मी सोडा म्हटल्याशिवाय सोडू नकात! परत दाबा."

चार चाकं, प्रत्येकाला वीसएक वेळा. दुसऱ्या चाकाला बाबा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "बापूस कोण रे, तू की मी?"

"आता मी. दाबा."

आई पडवीत तांदूळ निवडत होती. ती इतकी हसली की सूप बाजूला ठेवावं लागलं. तो दिवस मला फार आवडतो. आजही आवडतो, आणि त्याच्यावरही राग येतो.

संध्याकाळी बाबांनी गाडी उतारावरून सोडून ब्रेक मारला. गाडी सरळ, जागच्या जागी थांबली. नंतर महिनाभर बाबा जो भेटेल त्याला गाडीत घालून तो उतार दाखवत होते, असं आईने फोनवर सांगितलं.

होस्टेलवर परत जाण्याआधी मी बाबांना एकच गोष्ट बजावली. बॉनेट उघडून ब्रेकच्या द्रवाची प्लॅस्टिकची लहान डबी दाखवली, तिच्यावरच्या दोन रेषा दाखवल्या. म्हटलं, "नवीन लायनर हत, बसतले तसा ब्रेक ऑइल थोडा खाली जातला. खालच्या रेषेकडे गेला तर वर घाला." अर्धी बाटली उरली होती. ती मी टाकून दिली, कारण उघडलेली बाटली हवेतलं पाणी ओढून घेते आणि आमच्या हवेत तर विचारूच नका. हेही पुस्तकातलं. म्हटलं, "जुना घालू नकात. सीलबंद घ्या. चांगल्यातला."

बाबांनी मान डोलावली. बाबा माझं बोलणं असं लक्ष देऊन पहिल्यांदाच ऐकत होते.

काजूला मोहर आला तेव्हा बाबा आणि आई मला भेटायला कोल्हापूरला आले. एसटीने नाही, गाडी घेऊन. उकड्या तांदळाची पिशवी, आमसुलं, सुकी सुंगटं म्हणजे सोडे. होस्टेलच्या फाटकाशी बाबांनी मुद्दाम करकचून ब्रेक मारला आणि माझ्याकडे बघितलं. उतरल्यावर मला जळक्या रबरासारखा वास आला. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर आच लागली.

"घाट चढान इलंव," बाबा म्हणाले. "गरम होतलाच."

घाट चढताना ब्रेक लागत नाहीत, इंजिन लागतं. हे मला माहीत होतं. पदार्थविज्ञान शिकतो मी. तरी बॉनेट उघडलं नाही, कारण आई डबा उघडत होती आणि मित्र घावणे बघून गोळा झाले होते.

ते दोघं परतताना फोंड्याच्या घाटात अर्ध्या वाटेवर चाकांतून धूर यायला लागला. ब्रेक सोडले तरी सुटत नव्हते, धरूनच बसले होते. मग एका वळणावर पेडल सरळ तळाला गेलं. बाबांनी दरीकडे न जाता गाडी डोंगराकडच्या गटारात घातली. तेवढं त्यांना सुचलं म्हणून मी आज हे लिहितोय. बाबांना खरचटलं. आईचं उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी घातली आहे, पण हात पूर्ण वळत नाही. आडळीवर, म्हणजे विळीवर, बसून ती आता नारळ खवू शकत नाही. बाबा खवतात, आणि करवंटीचा काळा भुगा खोबऱ्यात येतो, आणि ती तो डाव्या हाताने वेचत बसते.

गाडी ओढून त्याच गॅरेजवर नेली. दुसरं जवळ होतंच कुठलं? मी गावी पोचेपर्यंत त्याने सगळं उघडून, धुऊन, नवीन भरून टाकलं होतं. बाकड्यावरच्यांना त्याने जे सांगितलं ते माझ्याआधी गावात पोचलं होतं.

"कॉलेजवाल्यान वाट्यो उलट्यो बसवल्यान. मागल्या चाकाच्यो."

मी म्हटलं, "माका दाखवा."

"काय दाखवू? कचरो कोण ठेवता?"

"खंयच्या चाकाच्यो? डाव्या की उजव्या?"

त्याने हातातला पाना फडक्याला पुसला. "डाव्या," म्हणाला.

पन्नास टक्के शक्यता होती, आणि त्याच्या तोंडून नेमकं डावं आलं. त्याच चाकाचा फोटो माझ्याकडे नाही.

तेव्हापासून ते चाक मी हजार वेळा उघडलं असेल. वर्गात, मेसच्या रांगेत, परीक्षेच्या पेपरसमोर. डावा हात, वाटी, तिचं तोंड. आई हाक मारते आहे. मी कुठल्या बाजूने घातली? कधी सरळ दिसते, कधी उलटी. आणि उलटी असेल तर आईचा हात मी मोडला. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं. बाकी कशाचं काही वाटत नव्हतं. एक गोष्ट जुळत नव्हती: उलटी वाटी पहिल्याच दिवशी गळली असती, तीन महिने थांबली नसती. आणि ती गळून ब्रेक लागणार नाहीत हे समजतं, पण धरून कसे बसतील? हे मी बाबांना सांगितलं तर त्यांना वाटलं मी हात झटकतोय. विचारलं, ऑइल घातलंत काय?

"घातलंय मा. तू सांगितलंस तसाच. नवीन, सीलबंद."

मग तोही रस्ता बंद झाला.

गावात माझं नाव पडलं, 'उलटी वाटी'. लग्नात पंगतीला बसलो तर वाढणारा आमटीची वाटी हातात धरून विचारायचा, "सरळ ठेवू काय रे?" मी हसायचो. सगळ्यांबरोबर हसण्यासारखं दुसरं वाईट काही नाही. पानेपेटी बाबांनी माळ्यावर टाकली. मी एकदा ती काढायला गेलो तर ते म्हणाले, "जावंदे." नुसतं "जावंदे". म्हणजे त्यांनी मला माफ केलं होतं. मला इतका संताप आला की मी शिडीवरून उतरून सरळ मळ्यात निघून गेलो. मला माफी नको होती. मला ती वाटी बघायची होती.

या मे महिन्यात आईने बांगडे आणायला मालवणला पाठवलं. ते घेऊन निघालो तर धक्क्यावर बाबांचा तो बोटवाला दोस्त जाळं तपासत बसला होता.

"काय कॉलेजवाल्या! खंय आसतंस हल्ली? वळख विसारलंस?"

"परीक्षा होती."

"ब्रेक बरे आसत मा आता?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "आणि बापाशीक सांग, माझो डबो परत दी म्हणान. दोन वर्षां होयत इली. रिकामो असलो तरी चलात, झाकणाचो डबो मिळणा नाय."

"कसलो डबो?"

"अरे ऑइलाचो. त्या दिवाळीनंतर इल्लो मा तुझो बापूस हय, धक्क्यावर. तासभर तुझ्याच गजाली. माझ्या पोरान ह्यां खोलल्यान, झिलान त्यां बसवल्यान. म्हणालो, झिलान सांगितल्यान हा, सीलबंद होया, चांगल्यातला होया. माझ्या झिलाच्या कामाक साधा घालूचा नाय. मी म्हटलंय, मगे दुकानात कशाक जातंस? माझ्याकडे बोटीच्या इंजिनाचो नवीन डबो आसा, सील पण फोडूक नाय. ह्याच्यापरस भारी ऑइल सगळ्या मालवणात गावाचा नाय. तसोच उचलून दिलंय."

बांगड्यांची पिशवी मी खाली ठेवली. ती कलंडली आणि पाणी माझ्या चपलेवर आलं.

"तां घातल्यानी खंय?"

"खंय म्हणजे?" तो जाळं सोडून माझ्याकडे बघायला लागला. "माझ्यासमोर घातल्यान, हयसरच, बॉनेट उघडून. त्या लहान डबयेत, वरच्या रेषेपर्यंत, एक थेंब सांडूक नाय. तूच सांगितलेलंस मा त्याका, ब्रेक ऑइल घालूक?"